वाटणी, मृत्युपत्र आणि सातबारा : खानदेशातील वारशाचा एक इतिहास

वाङ्मयाच्या चर्चेत 'वारसा' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. संतांचा वारसा, लोकगीतांचा वारसा, परंपरेचा वारसा असे म्हणताना कोणी कोणाला काय दिले, लिहून दिले की तोंडी दिले, देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता की नव्हता, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. तलाठ्याच्या दप्तरात मात्र हाच शब्द अत्यंत काटेकोर अर्थाने येतो. तेथे वारसाला नाव असते, हिस्सा असतो, फेरफाराचा क्रमांक असतो. आणि ज्याचे नाव नाही त्याला काहीच नसते. या दोन अर्थांमधले अंतर मोजण्यासाठी आम्ही जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचा, म्हणजे जुन्या खानदेशातील मोठ्या भागाचा, इतिहास पाहणार आहोत. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा दुभंगलेला हा मुलूख मराठी साहित्याला आणि संशोधनाला दोन मोठी नावे देऊन गेला, आणि त्या दोन्ही नावांच्या मागे वारशाचा प्रश्न उभा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याकडील वारसाहक्काची जुनी व्यवस्था घराणे टिकवण्यासाठी रचलेली होती, माणूस टिकवण्यासाठी नव्हे. म्हणून विधवा, वृद्ध, निपुत्रिक आणि मुली यांच्या वाट्याला जे आले ते बहुधा कोणीतरी हयातीत, जाणीवपूर्वक आणि कागदावर केल्यामुळेच आले. जेथे असे कोणी केले नाही, तेथे कायद्याने आपले काम केले. पण ते घराण्याच्या बाजूने केले.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन ब्रिग्ज पहिला कलेक्टर म्हणून धुळ्यास आला, तेव्हा येथे वारशाचा एकच एक लिखित कायदा नव्हता. एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार आर्थर स्टील याने दख्खनमधील निरनिराळ्या जातींचे रिवाज विचारून विचारून १८२७ मध्ये ग्रंथरूपाने छापले. न्यायालयांत १८६४ पर्यंत शास्त्री नेमलेले असत. 'सुनेला मिळेल की पुतण्याला?' असा प्रश्न न्यायाधीश विचारी आणि शास्त्री आधारासह उत्तर देत. रेमंड वेस्ट आणि गेऑर्ग ब्यूलर या दोघांनी १८६७ पासून प्रसिद्ध केलेल्या हिंदू कायद्याच्या संग्रहात ही उत्तरे एकत्र केली. त्यांत खानदेशातील शास्त्र्यांचीही उत्तरे आहेत. कोरड्या कायद्याचा ग्रंथ म्हणून आपण तो हाती घेत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी कुटुंबाची अंतर्गत रचना ज्याला पाहावयाची असेल, त्याने कादंबरीइतक्याच उत्सुकतेने ही प्रश्नोत्तरे वाचावीत. त्या एकेका प्रश्नामागे एक भांडलेले घर आहे.

या शास्त्र्यांपुढे दोन ग्रंथ असत : विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. ग्रंथ सतराव्या शतकातला. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मिताक्षरेचे वर्चस्व, गुजरात आणि मुंबई बेटात मयूखाचे. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि खानदेश येथे मात्र मयूखालाही मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीचा मान न्यायालयांनी दिला. दोन प्रमाणग्रंथ असलेला हा प्रदेश होय. मुंबई इलाख्याच्या परंपरेत मुलीला वडिलांची मिळकत वारसाने आली तर ती पूर्ण मालकीने येई, बहिणीलाही वारसांच्या ओळीत जागा होती. इतर प्रांतांच्या मानाने ही उदारता मोठी. परंतु ही उदारता पुत्र नसेल तेव्हाची. पुत्र असला, कुटुंब एकत्र असले, की स्त्रीचा हक्क एका शब्दावर येऊन थांबे : अन्नवस्त्र.

या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी बहिणाबाई चौधरी यांच्या आयुष्याकडे पाहावे. जळगावजवळच्या आसोद्याच्या महाजनांच्या घरात ऑगस्ट १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी विवाह, आणि तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरी दोन मुलगे आणि एक मुलगी. घरच्या वाटण्यांनी त्या काळात त्यांच्या ओढगस्तीत भर घातली, हे त्यांच्या चरित्रात येते. आपण हे वाक्य सहजपणे वाचून पुढे जातो. १९१० च्या सुमारास वाटणीचा कायदेशीर अर्थ काय होता, हे पाहिले म्हणजे ते वाक्य जड होते.

पती गेल्यावर त्याचा हिस्सा मुलग्यांकडे जाई, विधवेकडे नव्हे. मुलगे आपापसांत वाटणी करू लागले तर आईला एक वाटा मिळे, पण तो वाटा आपण होऊन मागण्याचा अधिकार तिला नव्हता. एकत्र कुटुंबात दीर-भावजयींच्या घरात राहून अन्नवस्त्र घेणे एवढेच तिचे. ज्या वावरात ती पेरणीपासून मळणीपर्यंत राबे, त्या वावराच्या कागदावर तिचे नाव येण्याची वाट नव्हती. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीचा हिस्सा तहहयात उपभोगण्याचा हक्क दिला. पण तो त्या कायद्यानंतर झालेल्या मृत्यूंना लागू होता, म्हणजे बहिणाबाईंना त्याचा उपयोग नव्हता. शिवाय १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने ठरवले की शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीतली असल्यामुळे हा केंद्रीय कायदा तिला लागू होत नाही. प्रांतांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. जेथे शेतजमीन हीच मिळकत, तेथे विधवेच्या हक्कातून शेतजमीनच वगळली जावी, हा विरोधाभास खानदेशच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीची तिला पूर्ण मालकीण केले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या होत्या. ही सारी कायदेमाला त्यांच्या आयुष्याच्या कडेने निघून गेली.

असे असेल तर मृत्युपत्र का नाही, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारील. नवऱ्याने लिहून ठेवले असते तर? येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, की मृत्युपत्र ही धर्मशास्त्रातील कल्पना नव्हे. एकत्र कुटुंबातील हिस्सा मृत्युपत्राने देता येतच नसे. स्वकष्टार्जित तेवढे देता येई. १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट बंगालच्या काही भागाला आणि मुंबई-मद्रास या शहरांना लागू झाला, मुंबई इलाख्यातल्या बाहेरच्या जिल्ह्यांना नाही. त्यामुळे खानदेशातील हिंदूने मरतेवेळी तोंडी सांगितलेले शब्दही, पुरावा मिळाला तर, मृत्युपत्र म्हणून ग्राह्य धरता येत. मृत्युपत्र लेखीच हवे, करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, दोन साक्षीदार हवेत, हा नियम सर्व हिंदूंना लागू झाला तो १ जानेवारी १९२७ या दिवशी किंवा त्यानंतर केलेल्या मृत्युपत्रांपासून.

या तारखेच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, धुळ्यात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वारले. हा केवळ योगायोग होय, आणि त्याला योगायोगाहून अधिक वजन आम्ही देत नाही. परंतु वारशाच्या इतिहासात राजवाड्यांची जागा मोठी आहे, ती दोन कारणांनी.

एक तर त्यांचे सारे आयुष्य इतरांच्या बेवारस कागदांमागे गेले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. हे कागद आले कोठून? जुन्या सरदार-मुत्सद्द्यांच्या, कुलकर्ण्या-देशपांड्यांच्या वाड्यांतून. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, भांडी वाटली गेली, जमिनी वाटल्या गेल्या. दप्तराचे रुमाल मात्र वाटणीच्या यादीत कोणी धरले नाहीत, कारण त्यांची किंमत करता येईना. माळ्यावर वाळवी आणि पाऊस यांनी त्यांचा ताबा घेतला. सनदेचा जो कागद वतनाच्या दाव्यात उपयोगी पडेल तेवढा जपावा आणि उरलेला जाऊ द्यावा, ही वारसांची दृष्टी होती. राजवाडे गावोगाव पायपीट करून जे गोळा करीत होते ते वाटणीतून गळून पडलेले होते.

दुसरे कारण त्यांचे स्वतःचे. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मागे अपत्य नव्हते. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले होते, पण मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले आणि अखेरीस धुळ्यास आले. त्यांच्यामागे उरली ती हस्तलिखिते, टिपणे, धातूंचे आणि शब्दांचे ढीग. रक्ताचे नाते पाहता थोरले बंधू वैजनाथशास्त्री राजवाडे हयात होते, तेही निरुक्ताचे मोठे पंडित. परंतु एका विद्वानाचे अपुरे काम हे घर-जमिनीसारखे एका वारसाच्या हाती सोपवण्याजोगे नसते. त्याला सांभाळणारा लागतो, लावणारा लागतो, छापणारा लागतो. धुळेकरांनी हे ओळखले. ९ जानेवारी १९२७ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांच्या आत, तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. धुळ्याला याची सवय होती : समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्येच सत्कार्योत्तेजक सभा काढून रामदासी वाङ्मयाची जपणूक सुरू केली होती, आणि पुढे १९३५ मध्ये त्यातूनच समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. लेखक गेल्यावर दहा आणि पंधरा वर्षांनी ग्रंथ निघावेत, हे केवळ वारसाहक्काने घडत नाही.

संस्था हा न मरणारा वारस होय. कायद्याने तो १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यापासून शक्य केला आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने त्यावर देखरेख आणली. तरीही एक उणीव राहिलीच. विश्वस्तांना स्थावर मिळकत विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पोथी मात्र स्थावर नव्हे. इमारतीचे रक्षण करणारे कलम पोथीचे रक्षण करीत नाही. आपले ग्रंथ आणि कागद एखाद्या संस्थेला देणाऱ्या वृद्ध प्राध्यापकाने म्हणूनच नुसते 'दिले' न म्हणता काय दिले त्याची यादी, ते विकू नये ही अट, आणि संस्था बंद पडल्यास ते कोठे जावे, हे तीन मुद्दे लिहून ठेवावेत.

राजवाड्यांच्या मागे धुळ्याचे सुशिक्षित उभे राहिले. शेतकऱ्याच्या घरात वारशाचा प्रश्न बदलण्यासाठी आणखी साठ वर्षे जावी लागली, आणि तो बदल पुन्हा खानदेशातच दिसला, तो जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील विटनेर या गावी. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला झाले. त्यापाठोपाठ, दशक संपता संपता, शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला. मांडणी साधी होती : कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याने घरातल्या लक्ष्मीचे आपल्यावरील ऋण आधी फेडावे, जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात किमान शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. विटनेर हे या कार्यक्रमातले अग्रणी गाव ठरले. मधु किश्वर यांनी 'मानुषी'त त्यावर विस्ताराने, आणि त्याच्या मर्यादांसह, लिहिले आहे. १९९२ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची वाट सोपी केली.

या घटनेचे महत्त्व आम्हाला असे वाटते, की येथे कायदा बदलला नव्हता. १९५६ पासून पती विनामृत्युपत्र वारला तर विधवा पहिल्या वर्गाची वारस होतीच. विटनेरच्या शेतकऱ्यांनी केले ते एवढेच, की जी गोष्ट आपल्या मरणानंतर, मुलांच्या आणि भाऊबंदांच्या मर्जीने व्हावयाची, ती आपल्या हयातीत आणि आपल्या सहीने केली. नाव लागले म्हणून नांगर कोणाच्या हाती आणि पैसा कोणाच्या कनवटीला, हे लगेच बदलत नाही, ही टीका रास्त आहे. तथापि नवऱ्याने टाकलेल्या किंवा मुलांनी दूर सारलेल्या बाईच्या हाती सातबारा असणे आणि नसणे यांतला फरक, टीकाकारापेक्षा त्या बाईला अधिक कळतो.

मुलींच्या बाबतीत कायदा रिवाजाच्या पुढे धावला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातील निर्णयाने वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. कागदावर हे सारे निर्दोष आहे. व्यवहारात मात्र हक्कसोडपत्र नावाचा एक दस्त आहे. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. माहेर हा खानदेशी स्त्रीच्या भावविश्वाचा गाभा आहे. त्या माहेराचे दार पुढेही उघडे राहावे, भावाने आखाजीला बोलवावे, म्हणून बहीण सही करते. कायद्याच्या भाषेत हा स्वेच्छेने सोडलेला हक्क. लोकगीतांच्या अभ्यासकाने मात्र या स्वेच्छेची किंमत विचारावी. माहेरच्या गाण्यांतील आर्तता ही केवळ विरहाची नाही. ज्या घरावर आपला हक्क नाही त्या घरी पाहुणी म्हणून जाण्याची ती आहे, हे अर्थनिर्णयन तपासून पाहण्याजोगे आहे.

आता वृद्धांकडे वळू. मराठी वाचकाला या विषयाचा धडा नाट्यगृहात मिळाला. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर निवृत्त होताना आपले सर्व मुलांना देऊन टाकतात आणि मग बेघर होतात. शेक्सपिअरच्या लिअरशी त्यांचे नाते समीक्षकांनी वारंवार दाखवले आहे. आम्ही एक भेद दाखवू इच्छितो. लिअरने राज्य देताना अट घातली होती : शंभर सरदार आपल्याबरोबर राहतील आणि मुली आळीपाळीने सांभाळतील. अट होती, पण ती पाळून घेणारे न्यायालय नव्हते. बेलवलकरांनी तर अटच घातली नाही. प्रेमाला अट कसली, हीच त्यांची भूमिका.

२००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याचे तेविसावे कलम नेमके या ठिकाणी येते. साठी ओलांडलेल्या माणसाने, आपल्या मूलभूत गरजा भागवल्या जातील या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. महाराष्ट्रात हा कायदा २००९ पासून लागू आहे. त्याखालील न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर चालते, आणि निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. परंतु अट सिद्ध करावी लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सांभाळण्याची अट असल्याचे दाखवता आले पाहिजे, नुसत्या नात्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. २ जानेवारी २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा असे म्हटले आणि आईने केलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. पण तेथेही मुलाने दिलेले लेखी वचनपत्र पुराव्यात होते. म्हणजे कायदा बेलवलकरांच्या मदतीला येईल, पण त्यांनी कागद केला असेल तरच. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर मुलांच्या नंतर येणाऱ्या परिस्थितीवर अविश्वास म्हणून ती अट लिहावी. आणि त्याहून बरे म्हणजे हयातीत घर देऊन न टाकता मृत्युपत्र करावे. ते कितीही वेळा बदलता येते, बक्षीसपत्र तसे बदलता येत नाही.

शेवटी पुन्हा बहिणाबाईंच्या घरी जाऊ. ज्या स्त्रीला वारशात अन्नवस्त्राहून अधिक काही आले नाही, तिने मागे काय ठेवले? लिहिता न येणाऱ्या त्या बाईने रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरचे लोक यांनी उतरवून घेतली होती. ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. ही गाणी कायद्याने कोणाची? आम्ही हा प्रश्न केवळ शास्त्राचा म्हणून मांडतो. उतरवून घेणारा कवी नव्हे, कर्ती बहिणाबाईच. वैधव्यात स्वतःच्या गुणाने मिळवलेले ते स्त्रीधन. मिताक्षरेप्रमाणे स्त्रीधन आधी मुलीकडे जाते. मयूखाप्रमाणे मात्र विवाहप्रसंगी वगैरे मिळालेले पारिभाषिक स्त्रीधन मुलीचे आणि इतर स्त्रीधन आधी मुलाचे. खानदेशात तर दोन्ही ग्रंथांना मान! वेस्ट आणि ब्यूलर यांच्या शास्त्र्यांपुढे हा प्रश्न गेला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हा वर्गात चर्चेला घेण्याजोगा विषय आहे.

आजचा कायदा याबाबत अधिक सोपा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९५२ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या गाण्यांपुरता तो २०१२ च्या अखेरीस संपला. तेव्हापासून ती गाणी कोणाही मराठी वाचकाची आहेत. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले. त्या विद्यापीठाच्या वर्गांत ही गाणी शिकवताना शिक्षकांनी त्यांच्या शेजारी १९१० च्या सुमाराचा विधवेचा हक्क, १९९० चे विटनेर आणि एखादे कोरे हक्कसोडपत्र ठेवून पाहावे. गाण्यातले वावर कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न मग मुलांना आपोआप पडेल. आणि त्यांतल्या काही जणांना आपल्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हे पाहण्याची इच्छाही होईल.